वकिलाची चूक आणि वरिष्ठ न्यायालयाची दृष्टि

गेल्या महिन्याच्या अखेरीस आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. त्यांतील हकीकत येथें थोडक्यांत सांगतों; कारण तसा प्रसंग कोणत्याही नांदत्या घरावर येऊं शकतो. त्यांच्या सासऱ्यांचा जमिनीचा एक दावा पूर्वीं त्यांच्या विरुद्ध गेला. अपील करावें कीं न करावें याचा घोळ घरांत चालू असतांच अपिलाची मुदत टळली. मुदत केव्हां संपते हें वकिलांनीं आपणांस सांगितलेंच नाहीं, असें सासऱ्यांचें म्हणणें. म्हणून त्यांनीं त्या वकिलांवर निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लाविला. वकिलांनीं शपथेवर सांगितलें कीं, मुदतीची जाणीव आपण दोनदां करून दिली होती, पक्षकारच स्वस्थ बसले. लेखी पुरावा दोन्ही बाजूंस नाहीं. न्यायाधीशांनीं वकिलांचें म्हणणें खरें मानून दावा काढून टाकिला. आतां घरांत दोन तट पडले आहेत. थोरले भावजी म्हणतात, वरच्या कोर्टांत जावें, तेथें सर्व पुन्हां पहिल्यापासून पाहतील. पत्रलेखिकेचे यजमान म्हणतात, हातचे पैसे घालवूं नयेत. सासऱ्यांना मात्र पैशांची पर्वा नाहीं. 'मी खोटें बोललों असें कोर्टानें लिहून ठेविलें' हें शल्य त्यांना रात्रीं झोंपूं देत नाहीं. 'वरचें कोर्ट खरें काय तें पुन्हां पाहील ना?' असा बाईंचा आम्हांस प्रश्न आहे.

आम्ही कायदेपंडित नव्हों. शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. तथापि ज्या प्रश्नानें एका वृद्ध गृहस्थाची झोंप उडाली आहे, त्यास 'वकिलांना विचारा' एवढेंच उत्तर देणें आम्हांस बरें वाटेना. आणि येथें तर वकिलांवरचाच विश्वास उडालेला आहे! म्हणून थोडें वाचन व थोडी विचारपूस करून जें समजलें तें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. न्यायाधीशाच्या निकालांत दोन प्रकारचे निर्णय असतात. अमुक दिवशीं अमुक मनुष्य अमुक शब्द बोलला कीं नाहीं, हा वस्तुस्थितीचा निर्णय. तो शब्द न बोलणें हा कायद्याच्या दृष्टीनें वकिलाचा कर्तव्यभंग होतो कीं नाहीं, हा कायद्याचा निर्णय. दुसऱ्या प्रकारांत वरिष्ठ न्यायालय कनिष्ठ न्यायालयाचें मुळींच बांधील नसतें. कायदा दोघांसही सारखाच दिसतो, किंबहुना वरच्यास अधिक स्पष्ट दिसावा अशीच अपेक्षा असते. पहिल्या प्रकारांत मात्र गोष्ट निराळी आहे, आणि पत्रलेखिकेच्या घरचा सारा प्रश्न याच पहिल्या प्रकारांत मोडतो.

निराळी कां, हें आमच्या धंद्यांतील एका अनुभवानें सांगतों. तोंडी परीक्षेंत एखादा मुलगा चांचरत उत्तर देतो. त्याचें चांचरणें अज्ञानाचें कीं भीतीचें, हें समोर बसलेल्या परीक्षकास त्याच्या मुद्रेवरून कळतें. तींच उत्तरें जशींच्या तशीं कागदावर उतरून दुसऱ्या गांवच्या परीक्षकाकडे पाठविलीं, तर शब्द पोहोंचतात, मुद्रा पोहोंचत नाहीं. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्या परीक्षकापाशीं प्रत्यक्ष आहे, दुसऱ्यापाशीं केवळ शब्द आहे. मूळ न्यायाधीशानें साक्षीदार डोळ्यांनीं पाहिलेला असतो. कोणत्या प्रश्नाला तो अडखळला, कोणत्या प्रश्नाला त्यानें नजर चुकविली, हें त्यानें टिपलेलें असतें. वरच्या न्यायाधीशापुढें येतात ते टंकलिखित कागद. म्हणून कोणता साक्षीदार खरा व कोणता खोटा, एवढ्या बाबतींत वरचें न्यायालय खालच्याचा मान राखतें. हा मान त्या माणसाच्या हुद्द्याचा नव्हे. त्याच्या जागेचा आहे.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, वस्तुस्थितीचा निर्णय फिरविण्याची कल्पनाच आपणांकडे परकी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत न्याय देणाऱ्या मंडळांची चढती पायरी सांगितली असून, कुळापेक्षां श्रेणी, श्रेणीपेक्षां पूग आणि त्यांहून राजानें नेमलेले अधिकारी श्रेष्ठ मानिले आहेत. शिवाय चुकीनें निवडलेला व्यवहार राजानें स्वतः पुन्हां पाहावा, आणि सभ्यांनीं अन्याय केल्याचें ठरल्यास जिंकलेल्या पक्षासह त्या सभ्यांना वादाच्या रकमेच्या दुप्पट दंड करावा, असेंही तेथें आहे. आजच्या न्यायाधीशांना सुदैवानें ही भीति नाहीं! परंतु पहिला निकाल म्हणजे अखेरचा शब्द नव्हे, आणि दुसऱ्यानें पाहावयाचें तें उगीच नव्हे तर चूक दिसली म्हणून, हीं दोन्ही तत्त्वें त्या जुन्या वचनांत आहेतच.

आतां वकिलाच्या निष्काळजीपणाचा एक प्रसिद्ध खटला सांगतों. तो अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांतला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो 1980 सालीं निवडला, आणि टॉगस्टॅड खटला या नांवानें तो कायद्याच्या शाळांतून आजही शिकवितात. आमच्या भगिनींच्या पत्रांतील प्रसंगाशीं त्याचें साम्य पाहून आम्हांसच आश्चर्य वाटलें.

1971 सालच्या ऑगस्टांत एका गृहस्थास तीव्र डोकेदुखी सुरू झाली. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीस फुगवटी आल्याचें आढळलें. शल्यवैद्यानें मानेंतील रक्तवाहिनीवर एक चिमटा बसविला. तो हळूहळू आवळीत नेऊन रक्ताचा दाब कमी करावा अशी योजना होती. चिमटा बसविल्यावर दोन दिवसांनीं, रात्रीं परिचारिकेनें पाहिलें तेव्हां रोगी ठीक होता. सुमारें तासाभरानें पाहिलें तों त्यास बोलतां येईना कीं हालतां येईना. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा कायमचीं गेलीं.

सुमारें चौदा महिन्यांनीं, म्हणजे 1972 च्या ऑक्टोबरांत, त्याची पत्नी एका वकिलाकडे गेली. पाऊण तास ते एक तास बोलणें झालें. वकिलानें प्रश्न विचारले, टिपणें घेतलीं. फीविषयीं गोष्ट निघाली नाहीं. बिलही पुढें कधीं आलें नाहीं. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणें वकील अखेरीस म्हणाला कीं, तुमचा दावा होईल असें मला वाटत नाहीं, तरी मी भागीदाराशीं बोलतों. मत बदललें तर तो कळवील असें समजून ती घरीं गेली. कांहींच कळविलें गेलें नाहीं. तेव्हां दावा नाहींच असें तिनें मनाशीं ठरविलें. एक वर्षानें ती दुसऱ्या वकिलाकडे गेली. परंतु वैद्याविरुद्ध दावा लावण्याची मुदत तेथें त्या वेळीं दोन वर्षांची होती, आणि ती मध्यंतरीं संपून गेली होती. पहिल्या वकिलाकडे ती गेली तेव्हां मात्र मुदत शिल्लक होती!

पतिपत्नींनीं त्या पहिल्या वकिलावर व त्याच्या पेढीवर दावा लाविला. वकिलाची साक्ष अगदीं वेगळी होती. आपण एवढेंच म्हणालों कीं, आमच्या पेढीनें हातीं घ्यावें असें या हकिगतींत कांहीं दिसत नाहीं. हें केवळ आपलें मत आहे, दुसऱ्या वकिलाचें मत हवें असल्यास घ्यावें व तें लवकर घ्यावें, असेंही आपण सांगितलें, असें तो म्हणाला. एकच भेट, एकच संभाषण, आणि दोन हकिगती! खरी कोणती?

तेथें असे प्रश्न ज्यूरी ठरविते. ज्यूरीनें एकामागून एक निर्णय दिले: वैद्याचा निष्काळजीपणा झाला होता, बाई व वकील यांच्यांत पक्षकार-वकिलाचें नातें जुळलें होतें, वकिलानें सल्ला देण्यांत निष्काळजीपणा केला, आणि तो झाला नसता तर वैद्याविरुद्धचा दावा पतिपत्नींनीं जिंकला असता. भरपाई पतीस 6,10,500 डॉलर व पत्नीस 39,000 डॉलर ठरली.

यांतील शेवटचा निर्णय वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावा. वकिलाची चूक झाली एवढें सिद्ध करून भागत नाहीं. त्या चुकीमुळें खरोखर कांहीं बुडालें, हेंही दाखवावें लागतें. जो दावा मुळांतच निर्जीव होता, तो वकिलानें बुडविला म्हणून भरपाई कशाची मागणार? म्हणून अशा खटल्यांत दाव्याच्या पोटांत दुसरा दावा चालतो. वकिलाचा न्याय करतां करतां, कधींही न चाललेल्या त्या वैद्याच्या खटल्याचाही न्याय करावा लागला. त्यासाठीं वैद्यकांतील तज्ज्ञांच्या साक्षी घ्याव्या लागल्या.

वकिलानें वरिष्ठ न्यायालयांत धांव घेतली. फी नाहीं, करार नाहीं, तर नातें कसलें, हा त्याचा मुख्य मुद्दा. येथें न्यायालयानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. 'आमच्या मतें बाई खरी' किंवा 'वकील खरा' असें त्यानें म्हटलेंच नाहीं. ज्यूरीनें बाईवर विश्वास ठेविला आहे; तो तसा ठेवण्यास पुराव्यांत पुरेसा आधार आहे काय, एवढाच प्रश्न त्यानें स्वतःस विचारला, आणि पुरावा ज्यूरीच्या निर्णयास अनुकूल अशा बाजूनें वाचला. बाईनें कायद्याचा सल्ला मागितला, वकिलानें तो दिला, ती त्यावर विसंबली, आणि विसंबल्यास तिचें नुकसान होईल हें कोणाही शहाण्या माणसास दिसण्यासारखें होतें. मग फी घेतली नसली तरी नातें जुळलें. रुग्णालयाचे कागद न मागवितां, तज्ज्ञास न विचारतां 'दावा नाहीं' असें सांगणें आणि दोन वर्षांच्या मुदतीची गोष्टच न काढणें, यांत निष्काळजीपणा पाहण्यास ज्यूरीस जागा होती. निकाल कायम झाला. भरपाईंतून बाईच्या वकिलास द्यावी लागली असती ती काल्पनिक फी वजा करावी, हेंही म्हणणें न्यायालयानें मानलें नाहीं.

आतां कल्पना करा कीं, ज्यूरीनें वकिलावर विश्वास ठेविला असता. कागद तेच, शब्द तेच; परंतु तेव्हां अपील करण्याची पाळी बाईवर आली असती, आणि बहुधा तिचें अपील फेटाळलें गेलें असतें. कारण तोही निर्णय पुराव्यावरून निघूं शकत होता. हें कठोर वाटेल. पण यांतच या नियमाचें मर्म आहे. वरच्या न्यायालयाचा मान बाईस नव्हता, वकिलासही नव्हता. ज्यांनीं दोघांस समोर पाहिलें त्यांना होता.

आपणांकडे दिवाणी दाव्यांत ज्यूरी नसते. वस्तुस्थितीही न्यायाधीशच ठरवितो, आणि त्यास कारणें लिहून द्यावीं लागतात. या एका फरकामुळें आपल्या अपीलकर्त्यास अमेरिकन अपीलकर्त्यापेक्षां थोडी अधिक जागा मिळते. ज्यूरी मुकी असते. न्यायाधीश लिहितो, आणि लिहिलेलें तपासतां येतें. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 प्रमाणें पहिल्या अपिलांत कायदा व वस्तुस्थिति दोन्ही खुलीं असतात. अपिलाच्या न्यायालयानें निर्णयाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय व त्यांचीं कारणें लिहिलींच पाहिजेत, असें आदेश 41 च्या नियम 31 मध्यें सांगितलें आहे. तेव्हां थोरले भावजी सर्वस्वीं चुकले आहेत असें नाहीं.

परंतु साक्षीदाराच्या खरेखोटेपणाचा प्रश्न आला कीं, हें खुलें दारही अर्धें लोटलेलें असतें. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें 1947 सालीं वॉट विरुद्ध टॉमस या स्कॉटलंडच्या खटल्यांत हें तत्त्व मांडलें, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानें 1950 सालीं सरजू प्रसाद यांच्या खटल्यांत तेंच स्पष्ट केलें. तोंडी पुरावा परस्परविरुद्ध असून सारा निकाल साक्षीदारांच्या विश्वासार्हतेवर लोंबत असेल, तर मूळ न्यायाधीशाचें मत सहसा बदलूं नये. बदलावयाचें तर त्याच्या नजरेंतून निसटलेली एखादी विशेष गोष्ट दाखविली पाहिजे, किंवा त्यानें खरी मानलेली हकीकत असंभाव्य ठरेल इतकें पारडें दुसरीकडे झुकलें पाहिजे. उलट, वाद पत्रांच्या अर्थाचा किंवा निर्विवाद गोष्टींवरून काढावयाच्या अनुमानाचा असेल, तर वरचा न्यायाधीश खालच्याइतकाच समर्थ असतो. कागदास मुद्रा नसते. तो दोघांसही सारखाच बोलतो. 2001 सालच्या संतोष हजारी यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असेंही बजाविलें आहे कीं, पहिल्या अपिलाच्या न्यायालयास निर्णय फिरवावयाचा असेल तर त्यानें मूळ न्यायाधीशाच्या कारणांना थेट भिडून आपलीं वेगळीं कारणें दिलीं पाहिजेत.

ही पायरी ओलांडली कीं वस्तुस्थितीचें दार जवळजवळ बंद होतें. दुसरें अपील कलम 100 खालीं उच्च न्यायालयांत जातें, आणि 1976 च्या दुरुस्तीपासून तेथें कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावाच लागतो. वस्तुस्थितीचा निर्णय कितीही ढोबळ चुकीचा दिसला तरी दुसऱ्या अपिलांत तो तेवढ्यावरून फिरवितां येत नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें 1890 सालींच ठरवून ठेविलें होतें. म्हणून पहिलें अपील हेंच वस्तुस्थितीपुरतें शेवटचें समजून चालावें.

आपणांकडे वकिलावर दावा करतां येतो काय, हीही शंका पुष्कळांस असते. येतो. 1926 च्या वकिलांच्या फीविषयींच्या कायद्यांत कलम 5 असें आहे कीं, केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या जबाबदारींतून सुटत नाहीं. मात्र ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता आतां नाहीं. राष्ट्रीय आयोगानें 2007 सालीं तो खुला असल्याचें म्हटलें होतें. परंतु 14 मे 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें मत रद्द करून वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखालीं येत नाहीं असें ठरविलें. तेव्हां दिवाणी न्यायालय हाच मार्ग उरतो. वकिलाच्या चुकीचें प्रायश्चित्त निरपराध पक्षकारास देऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें 1981 सालीं रफीक यांच्या खटल्यांत म्हटलें, हें खरें. पण वकील हा पक्षकाराचाच प्रतिनिधि असून त्याच्यावर सारें ढकलून पक्षकारास दर वेळीं हात झटकतां येणार नाहींत, असें त्याच न्यायालयानें 1993 सालीं दुसऱ्या एका खटल्यांत बजाविलें. दोन्ही वाक्यें एकत्र वाचावीं हें बरें.

येथें आमच्याच घरची एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या काकांचा शेताच्या हिश्शाचा दावा तालुक्याच्या न्यायालयांत फेटाळला गेला. त्यांच्या वकिलांनीं, ते आतां हयात नाहींत, ओसरीवर चहा घेतां घेतां सांगितलें, 'अपिलांत दम नाहीं.' काका घरीं आले व निजले. जिल्हा न्यायालयांतील अपिलाची मुदत तीस दिवसांची. ती गेल्यावर दुसऱ्या एका वकिलांनीं निकाल वाचून कपाळावर हात मारिला. काका पहिल्या वकिलांवर दावा करावयास निघाले, तेव्हां आमच्या वडिलांनीं एकच प्रश्न विचारला: 'दादा, ते असें बोलले याला तुझ्याखेरीज साक्ष कोण?' ओसरीवर चहा आणून देणारी वहिनी होती. पण ती तांब्या ठेवून आंत गेली होती. दावा झाला नाहीं. काका वारले तोंपर्यंत सणावारीं ती गोष्ट निघे आणि जेवणारे मुकाट होत.

तेव्हां पत्रलेखिकाभगिनींस आमचें सांगणें असें. अपिलाची मुदत आधीं पाहावी: जिल्हा न्यायालयांत तीस दिवस, उच्च न्यायालयांत नव्वद. मग निकालाची प्रमाणित नक्कल घेऊन घरांतील सर्वांनीं ती शांतपणें वाचावी. न्यायाधीशांनीं वकिलांवर विश्वास कोणत्या कारणांनीं ठेविला तें पाहावें. तीं कारणें केवळ साक्षीच्या ढंगावर आधारलेलीं असतील, तर आशा थोडी. परंतु एखादें पत्र, एखादा भ्रमणध्वनीवरील संदेश, पैसे दिल्याची पावती, किंवा वकिलांच्या साक्षींतील तारखेशीं न जुळणारी नोंद आधींच दाखल असून तिचा विचार निकालांत झालाच नसेल, तर तेथें अपिलास खरा आधार आहे. नवा पुरावा अपिलांत सहसा घेत नाहींत, हेंही लक्षांत असावें. आणि जमिनीचें मूळ अपील मुदतींत झालें असतें तर तें यशस्वी झालें असतें काय, याचें उत्तर स्वतःशीं प्रामाणिकपणें द्यावें. कारण वकील दोषी ठरले तरी त्या दुसऱ्या परीक्षेंतून सुटका नाहीं.

सासऱ्यांच्या मनांतील शल्याविषयीं दोन शब्द लिहितों. न्यायाधीशानें दुसऱ्याची साक्ष अधिक संभवनीय मानली, याचा अर्थ त्यानें त्यांना लबाड ठरविलें असा होत नाहीं. दिवाणी न्यायालय तराजूचें पारडें कोणीकडे झुकतें तेवढेंच पाहतें; माणसाच्या सत्यनिष्ठेचें प्रमाणपत्र देणें हें त्याचें काम नव्हे, आणि तें काढून घेण्याचा अधिकारही त्यास नाहीं. घरच्यांना त्यांचा शब्द खरा वाटतो, हें त्यांनीं सासऱ्यांस स्पष्ट सांगावें. अपील होवो कीं न होवो, तेवढें तर आजच करतां येईल.

बाकीच्या वाचकांनीं या प्रकरणांतून एक लहानसा नेम घ्यावा. वकिलांकडून घरीं आल्यावर, हातपाय धुण्यापूर्वीं, तारीख घालून दोन ओळी लिहून ठेवाव्या: काय विचारलें, काय सांगितलें, मुदत केव्हां. आणि तींच दोन वाक्यें वकिलांस विनयपूर्वक पाठवून 'आपलें म्हणणें आम्हीं बरोबर समजलों ना?' असें विचारावें. सज्जन वकिलास याचा राग येत नाहीं. उलट त्याचेंही रक्षण होतें. मिनेसोटाच्या त्या खटल्यांतही आपण काय सांगितलें हें वकिलानें त्याच दिवशीं दोन ओळींच्या पत्रानें बाईस कळविलें असतें, तर कदाचित् खटलाच उभा राहिला नसता. आमच्या काकांच्या ओसरीवर अशा दोन ओळी कोणी लिहिल्या असत्या, तर आमच्या घरची पुष्कळ सणावारांचीं जेवणें अधिक गोड झालीं असतीं.